दोघं जायचं, एकानं परतायचं

श्यामकांत वैशंपायन माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल, आणि त्या त्याने स्वतःला भरपूर देऊन झाल्या आहेत. दारू नाही, सिगारेट नाही, बायकोवर हात उगारणं तर सोडाच, आवाजही कधी फारसा चढवला नाही. पगार झाला की पाकीट तसंच्या तसं तिच्या हातात. जिन्यातल्या जर्मन बायका वसुधाला म्हणायच्या, तुझा नवरा म्हणजे सोनं आहे सोनं. होताच. फक्त त्याला एक वेड होतं, आणि तेही असं की त्यातून कुणाचं काही वाकडं होईल हे मनातसुद्धा येऊ नये. तो पक्षी बघायचा. बघायचा आणि त्यांचे फोटो काढायचा.

१९५४ साली तो डार्मश्टाटला आला तो तिथल्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करायला. सांगलीत लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. वसुधाला तिच्या आईकडे ठेवलं, "वर्षभरात बोलावून घेतो" म्हणाला आणि बोटीत बसला. वर्षाची तीन वर्षं झाली. मधल्या काळात त्याचे प्राध्यापक दुसऱ्या गावी निघून गेले, प्रबंध अर्धवट राहिला तो राहिलाच, आणि श्यामकांतने एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. काम काय, तर पोलादाच्या पट्ट्या यंत्रात अडकवायच्या, त्यांना लाखो हिसके द्यायचे आणि पहिली भेग कधी पडते ते टिपून ठेवायचं. केसाएवढी भेग. दुसऱ्यांना जी भिंगातून शोधावी लागे ती ह्याला नुसत्या डोळ्यांनी दिसे. हेर वैशंपायनच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत; हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. साहेबांचं हे वाक्य लक्षात असू द्या.

आठवडा कामात जाई. प्रश्न होता तो त्या मेल्या रविवारचा. दुकानं बंद, रस्ते ओस, घरमालकीण रविवारी दोरीवर साधा रुमाल वाळत घालू द्यायची नाही. लढाईत गाव निम्म्याहून अधिक जळलेलं, नव्या घरांच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास येई. अशा गावात एकट्या माणसाने करायचं काय? श्यामकांत ट्राममध्ये बसायचा, एबरश्टाटला शेवटच्या थांब्यावर उतरायचा आणि मोडाऊ नावाच्या ओढ्याच्या काठाकाठाने वर चालत सुटायचा. तिथेच त्याला हेर त्सोलर भेटला.

त्सोलर हा निवृत्तीला आलेला पोस्टमन. लढाईच्या शेवटी पकडला गेला आणि युद्धकैदी म्हणून इंग्लंडात एका शेतावर दोन वर्षं बीट उपटत राहिला. त्या शेताच्या मालकाला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता. शत्रू असला तरी हा कैदी झुडपात निमूटपणे तासन्‌तास बसू शकतो हे पाहून तो त्याला मदतीला घेऊ लागला. माणसाला माणूस कसा मिळेल सांगता येत नाही. दोन वर्षांनी त्सोलर घरी आला तो दुर्बीण आणि एक युक्ती घेऊन.

युक्ती अशी. पक्ष्याच्या घरट्यासमोर कापडाचा लहानसा तंबू ठोकायचा, त्यात एक स्टूल. पण माणूस तंबूत शिरताना पक्षी लांबून बघत असतो. आत कोणीतरी आहे हे कळलं की तो घरट्याकडे फिरकत नाही. म्हणून एकट्याने जायचंच नाही. दोघांनी बरोबर जायचं, दोघांनी तंबूत शिरायचं, मग एकाने बाहेर पडून सरळ चालू लागायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस आला होता, माणूस गेला, एवढंच त्याला कळतं. तंबू रिकामा झाला असं समजून तो निर्धास्त येतो, आणि आत बसलेला आपलं काम साधून घेतो. ठरलेल्या वेळी परत येऊन आतल्याला घेऊन जायचं, हेही बाहेरच्याचंच काम.

"जाणाऱ्याने मागे वळायचं नाही," त्सोलर बजावून सांगायचा. "वळला, की पक्ष्याला संशय येतो. गेनाऊ, अगदी तिथेच सगळं फिसकटतं."

वसुधा १९५७च्या हिवाळ्यात आली. येताना ट्रंकेत मेतकूट, आईने केलेली गोधडी आणि हळदीच्या रंगाचं एक इरकली लुगडं. हसऱ्या चेहऱ्याची आणि तोंडाळ, म्हणजे चांगल्या अर्थाने. वसंतात श्यामकांतने तिला मोडाऊच्या काठावर नेलं आणि समोरच्या मातीच्या दरडीतलं एक भोक दाखवलं. आत खंड्याचं घरटं होतं.

"खंड्या म्हणजे तो निळा? मासे पकडतो तो?" ती म्हणाली. "अहो, आमच्या कृष्णेच्या घाटावर पैशाला पासरी असायचे. मी शेजारी धुणं आपटत असले तरी हलायचा नाही मेला. त्याच्यासाठी एवढी ट्राम, एवढी पायपीट आणि वर तंबू?"

"इथला फार बुजरा असतो."

"म्हणजे इथल्या माणसांसारखाच की," वसुधा म्हणाली, आणि श्यामकांत तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसला.

तेव्हापासून एप्रिल ते जुलै, दर रविवारी, दोघं जाऊ लागली. इरकली लुगड्यावर तिला राखाडी कोट घालावा लागे, रंग दिसता कामा नये म्हणून. तंबूत एका स्टुलाची जागा, तिथे दोघं कशीबशी शिरायची. ती कोपराने त्याला ढोसायची, हळूच काहीतरी बोलून हसवायची. मग म्हणायची, "चला, मी निघते. तुमच्या खंड्याला सांगा, बाई गेली म्हणून." आणि बाहेर पडून कुंपणाच्या कडेने चालू लागायची. पुढे लाकडी साकव, साकवापलीकडे वळण, आणि वळणाआड एका बंद पडलेल्या पाणचक्कीपाशी बाक. तिथे ती तीन तास बसायची आणि आईला पत्र लिहायची. सांगलीला दर आठवड्याला निळं हवाई पत्र जाई ते त्या बाकावरून.

इकडे तंबूत श्यामकांतचा क्रम ठरलेला. ती बाहेर पडली की कॅमेऱ्यात नवी फिल्म भरायची. कॅमेरा जुन्या बाजारातून घेतलेला, लांब लेन्सचा. घड्याळ लावून त्याने हिशेब केला होता, फिल्म भरायला बरोबर दीड मिनिट लागतं. भरली की पहिला फोटो फुकट घालवायचा असतो, शटर नीट उघडतंय आणि फिल्म नीट सरकतेय ना ह्याची खात्री करायला. तो लेन्स तंबूच्या मागच्या फटीतून बाहेर काढायचा आणि समोर काहीतरी धरायचं म्हणून चालत जाणाऱ्या वसुधावर धरायचा. खट्‌. वहीत नोंद करायची: "१. चाचणी. व. परतताना." ती वळणाआड जाईपर्यंत तशीच लेन्स धरून बघत राहायचा, मग तोंड फिरवून पुढच्या फटीशी बसायचा. ते पहिले फोटो त्याने कधी छापले नाहीत. चाचणीचे फोटो कोण छापतो?

पाच उन्हाळे असे गेले. मूलबाळ झालं नाही. डॉक्टरेटचं नाव निघेनासं झालं. घरी परत जायचं म्हटलं तर काय घेऊन जायचं, हा त्याच्या मनातला सल होता आणि तो वसुधाला न सांगता कळत होता. खंड्याचा एकच फोटो त्याला हवा होता. चोचीत मासा आडवा धरून, पंख पसरून, भोकात शिरण्याआधीचा क्षण. दर वर्षी थोडक्यात हुकायचा. दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. ती म्हणायची, "जाऊ की मग पुढच्या वर्षीही. मला काय, मी आपली जाणारी."

२९ जुलै १९६२, त्या उन्हाळ्यातला शेवटचा रविवार. वसुधा तंबूतून निघाली. श्यामकांतने फिल्म भरली, लेन्स मागच्या फटीतून बाहेर काढली, आणि बघतो तर काय, ती कुंपणाशी थांबलेली. एवढंच नाही, तर मागे वळून तंबूकडे बघत होती. त्याने सवयीने बटण दाबलं. ती तशीच उभी. अर्धं मिनिट, एक मिनिट. त्याच्या मनात आलं, आज हिने सगळं घालवलं. मग ती वळली आणि गेली.

खंड्या चाळीस मिनिटं आला नाही. आणि आला तो असा आला की श्यामकांतने त्याच क्षणी बटण दाबलं. चोचीत चंदेरी मासा, पंख पसरलेले, दरडीसमोर अधांतरी. मिळाला. पाच वर्षांनी मिळाला.

एवढा आनंद झालेला माणूस ट्राममध्ये बायकोला काय म्हणाला असेल? म्हणाला, "वसुधा, मागे वळायचं नाही हे पाच वर्षं सांगतोय मी. चाळीस मिनिटं गेली आज."

ती खिडकीबाहेर बघत होती. "चुकलंच," म्हणाली. एवढंच.

तो फोटो सप्टेंबरात पक्षिमित्रांच्या मंडळाने प्रदर्शनात लावला, मधल्या भिंतीवर. त्सोलरने श्यामकांतच्या खांद्यावर थाप मारली. वसुधा राखाडी कोट न घालता, इरकली लुगडं नेसून आली होती आणि भिंतीशी खुर्ची ओढून बसून होती. लोक येऊन तिच्याशी हात मिळवत होते. ती उठत नव्हती. श्यामकांतला जरा चमत्कारिक वाटलं, पण वाटलं आणि गेलं.

सप्टेंबर संपता संपता तिला तिसऱ्या मजल्याचा जिना चढवेना. ओठ निळसर दिसू लागले. इस्पितळात नेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढले आणि श्यामकांतला बाजूला घेतलं. लहानपणच्या कुठल्याशा तापाने हृदयाची झडप आकसत गेली आहे, म्हणाले. "चालताना धाप कधीपासून लागत होती?"

"दोन-तीन आठवडे झाले," श्यामकांत म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "हे दोन-तीन आठवड्यांत होत नाही," ते म्हणाले. "आधी आणलं असतंत तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता."

त्याने कॉटवर बसून वसुधाला विचारलं, "अगं, कधीपासून होतंय हे?"

"राहू द्या आता," ती म्हणाली. मग म्हणाली, "फोटो मात्र छान आलाय हो." ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. चौतीस वर्षांची होती.

दहन तिथेच झालं. अस्थींच्या परवानग्यांसाठी चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. विद्यापीठात मोहन नावाचा कोल्हापूरचा एक मुलगा शिकत होता, तो नाताळच्या आधी घरी निघाला होता. त्याच्याबरोबर श्यामकांतने कलश पाठवला. स्वतः गेला नाही. रजा नाही, असं त्याने मोहनला सांगितलं. खरं म्हणजे सासूबाईंसमोर उभं राहायचा धीर नव्हता.

जानेवारीत सासूबाईंचं हवाई पत्र आलं. त्यांना तो आई म्हणत असे. वसुधाच्या लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांचे यजमान गेले होते आणि ती त्यांची एकुलती एक. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या.

"चि. श्यामकांतराव यांस अनेक आशीर्वाद. मोहन येऊन गेला. कृष्णेत विसर्जन झाले. आता एकच विचारते. माझी वसू किती दिवस आजारी होती? तिला चालताना धाप कधीपासून लागत होती? तुम्ही जवळ होतात, तुम्हालाच ठाऊक. खरे काय ते कळवावे."

श्यामकांत उत्तर लिहायला बसला. "ती. गं. भा. आईंना शि. सा. नमस्कार" इथपर्यंत हात चालला. पुढे त्याने लिहिलं, "फार दिवस त्रास झाला नाही, तीन आठवड्यांत सगळे आटोपले." वाचून पाहिलं. चांगलं वाटत होतं. म्हातारीला दिलासा मिळेल असं होतं. पण डॉक्टर त्याच्याकडे कसे बघत होते ते त्याला आठवलं आणि त्याने ते पत्र बाजूला ठेवलं.

आठ दिवस ते तसंच पडलं होतं. त्या वर्षी थंडी अशी पडली की म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा तशी पाहिली नव्हती. ऱ्हाईनचं पाणी गोठलं, मोडाऊ तर तळापर्यंत. श्यामकांतने पुढच्या रविवारी वह्या काढल्या. पाच उन्हाळ्यांच्या पाच वह्या. त्यांत काय नव्हतं? खंड्या किती वाजता आला, किती मासे आणले, वारा कुठून होता, ऊन कधी गेलं, सगळं होतं. वसुधाबद्दल दर पानावर तेवढंच: "व. परतताना." आणि शेवटच्या पानावर: "व. मागे वळली. पक्षी ४० मिनिटे उशिरा."

स्वतःचंच अक्षर त्याला बघवेना. पण आता मागे हटायचं नाही असं त्याने ठरवलं. त्याने कपाटातून निगेटिव्हचे लिफाफे काढले आणि प्रत्येक फिल्मचा पहिला तुकडा तेवढा कापून वेगळा केला. टेबल खिडकीशी ओढलं. खिडकीच्या काचेवर ते तुकडे तारखेप्रमाणे ओळीने चिकटवले. बाहेर सगळा बर्फ, त्यामुळे काचेतून भरपूर उजेड येत होता. डोळ्याला भिंग लावलं, प्रयोगशाळेतलंच. आणि बघू लागला.

फिल्म भरायला दीड मिनिट. दर वेळी तेवढंच, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे तंबूतून निघाल्यावर दीड मिनिटात वसुधा कुठवर पोहोचली, हे दर फोटोत नोंदलेलं होतं. मोजायला कुंपणाचे खांब होतेच. १९५८ साली ती साकव ओलांडून अकराव्या खांबाशी, कोटाचं टोक उडतंय. १९५९, अकरावा, अकरावा, दहावा, अकरावा. १९६० चा एप्रिल, अकरावा. मग १५ मे १९६०. आठवा खांब. पुढच्या रविवारी नववा. मग आठवा, सातवा, सातवा.

१९६१ साली पाचवा, आणि हात खांबावर. एका फोटोत ती वाकलेली, पहिल्यांदा त्याला वाटलं फूल तोडते आहे. पुढच्या फोटोतही वाकलेली. त्याच्या पुढच्याही. १९६२ साली तिसरा खांब. शेवटी २९ जुलै, दुसरा. दुसऱ्या खांबाला धरून ती उभी होती आणि तिचं तोंड तंबूकडे होतं.

भेग पडली ती तारीख, १५ मे १९६०, त्याने तुकड्यावर बोट ठेवून दोनदा वाचली. साहेब म्हणत ते खोटं नव्हतं. ह्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. सगळं टिपलेलं होतं, आठवड्याच्या आठवड्याला, लेन्स लावून. फक्त बघितलेलं नव्हतं. त्या दुपारी श्यामकांत वैशंपायन खिडकीसमोर खुर्चीत बसून मोठ्याने रडला. खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून विचारायला वर आली, तर त्याला दार उघडता येईना.

संध्याकाळी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावली आणि तो शेवटचा फोटो छापला. फक्त चेहरा, मोठा करून. ताटलीतल्या पाण्यात वसुधा हळूहळू वर आली. ती घाबरलेली नव्हती. तोंड किंचित उघडं होतं, श्वास घेण्यासाठी, आणि डोळे सरळ लेन्समध्ये. काहीतरी सांगायला थांबल्यासारखी, किंवा कोणीतरी बोलवील म्हणून थांबल्यासारखी.

मग त्याने नवं पत्र लिहिलं. "आई, १५ मे १९६० पासून. म्हणजे अडीच वर्षे. मी जवळ होतो, पण माझ्या लक्षात आले नाही. ते मला आज कळले, ती गेल्यावर तीन महिन्यांनी. तिने सांगितले नाही म्हणून मी सुटत नाही. दर रविवारी ती माझ्यासमोरून चालत जात होती आणि मी तिच्यानंतर येणाऱ्या पक्ष्याची वाट बघत होतो. ती मागे वळून उभी राहिली तेव्हाही मी तिला बोल लावला. क्षमा मागायला तोंड नाही. तिचा फोटो सोबत पाठवतो. तिच्या चेहऱ्याचा माझ्याकडे एवढाच आहे." पत्र दुसऱ्या दिवशी पेटीत टाकलं, विचार बदलेल म्हणून कामावर जाताना.

उत्तर यायला मार्च संपत आला. श्यामकांतने ते फोडायच्या आधी हात धुतले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"चि. श्यामकांतराव यांस आशीर्वाद. पत्र व फोटो पोहोचला. अडीच वर्षे हे मला ठाऊक होते. तिथल्या बाकावर बसून वसू मला सगळे लिहीत असे. मी परोपरीने लिहिले की जावयांना सांग, डॉक्टरांकडे जा. तिने लिहिले, आई, सांगितले तर ते रविवारचे जाणे बंद करतील, आणि त्यांना ह्या देशात दुसरे काही नाही. शिवाय सांगायची गरज नाही, मी दिसेनाशी होईपर्यंत ते मागच्या फटीतून दर वेळी माझ्याकडे बघत असतात. इतके बघतात, त्यांच्या आपोआप लक्षात येईल, मग मी सांगेन. म्हणून मी विचारले ते तारखेसाठी नव्हे. तुमच्या लक्षात आले होते का, एवढेच मला हवे होते. तुम्ही खोटे लिहिले नाही. प्रकृतीस जपावे."

पुढे शिव्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा हेर त्सोलर घरी आला. म्हातारा हट्टी होता. "आल्झो, चल तर मग," म्हणाला, "मी तुला तंबूत बसवून परत येतो. घरात बसून काय होणार?" श्यामकांत जायला तयार झाला, पण एका अटीवर. तंबूत त्सोलरने बसायचं. परतणारा आपण.

दोघं ट्रामने गेले, ओढ्याच्या काठाने चालत गेले, दोघं तंबूत शिरले. मग श्यामकांत बाहेर पडला आणि कुंपणाच्या कडेने चालू लागला. पाच वर्षांत त्या वाटेने, त्या वेळेला, तो एकदाही चालला नव्हता. पहिला खांब गेला. दुसऱ्या खांबाशी तो थांबला, त्याला हात लावला आणि मागे वळला.

तिथून हिरवा तंबू दिसत होता. आतलं माणूस दिसत नव्हतं. चेहरा नाही, हात नाही, काही नाही. चाचणीच्या फोटोसाठी मागच्या फटीतून बाहेर आलेली लेन्सची काच तेवढी दिसत होती, सरळ त्याच्यावर रोखलेली. कोणीतरी अगदी टक लावून आपल्याकडे बघतंय, असं कुणालाही वाटलं असतं. वसुधाला वाटलं होतं. तिथे उभी राहून ती एक मिनिटभर वाट बघत होती, आता ते बाहेर येतील म्हणून.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग चालत साकव ओलांडून पाणचक्कीपाशी गेला आणि बाकावर बसला. तीन तासांनी परत आला, ठरल्याप्रमाणे.

त्सोलर स्टूल आवरत होता. खंड्या आलाच नव्हता. नुसता त्या दिवशीच नव्हे, त्या हिवाळ्यात त्या ओढ्यावरचे सगळेच मेले होते, पण हे दोघांना अजून कळायचं होतं. म्हाताऱ्याने गुडघे चोळत श्यामकांतकडे पाहिलं आणि जरा रागानेच म्हणाला, "तू मागे वळलास. मी पाहिलं. इतक्या वर्षांनी तुलाही सांगावं लागतं का, जाणाऱ्याने मागे वळायचं नाही म्हणून?"

श्यामकांतने त्याच्या हातातलं स्टूल घेतलं.

"चुकलंच," तो मराठीतच म्हणाला, आणि दोघं ट्रामच्या वाटेला लागले.